आवाजापुरतं इंटरनेट

आधी ह्यांचा 'र' गेला. मग 'ट' आणि 'ड' एकमेकांसारखे ऐकू यायला लागले. बाजारातल्या भाजीवाल्यानं एकदा मला बाजूला घेऊन अदबीनं विचारलं की साहेब हल्ली सकाळी सकाळीच घेतात का. हवाई दलात सगळी नोकरी झाली तरी पार्टीत लिंबूपाण्याचा ग्लास धरून उभा राहणारा हा माणूस. भाजीवाल्याला मी काय सांगणार? कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

इथल्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होती. तिनं आधी इंग्रजीत सांगितलं, मग माझ्याकडे बघून हिंदीत सांगितलं. मला दोन्ही वेळा शब्द कळले, पण अर्थ आत शिरेना. तेव्हा हेच माझ्याकडे वळले आणि त्या जड जिभेनं मराठीत म्हणाले, "स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरतायत. औषध नाही." डॉक्टर आमच्याकडे बघत राहिली. मराठी तिला येत नव्हती, पण त्यांनी काय सांगितलं असणार हे तिला समजलं असावं, कारण तिनं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

ह्यांचं मूळ गाव यवतमाळकडे, माझं माहेर नाशिकचं. लग्नानंतर बदल्यांमागून बदल्या. हे दळणवळण विभागात होते. रेडिओ, टेलिफोन, नंतर संगणकांचं जाळं. शेवटची बदली चंदीगडला झाली आणि मुलगी अकरावीत होती म्हणून आम्ही इथेच राहिलो. निवृत्तीनंतर आयटी पार्कमधल्या एका कंपनीत ह्यांना नेटवर्कचंच काम मिळालं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. घरातल्या तारा, वायफाय, राउटर हे त्यांचं खातं. माझ्या लेखी राउटर म्हणजे टीव्हीमागचा लुकलुकणारा डबा; दिवाळीत त्याच्यावरची धूळ पुसायची, एवढाच माझा संबंध.

वर्षभरात हातही गेले. चमचा, मग पेन, मग शर्टाचं बटण. मी नोकरी सोडली. उचलायला-बसवायला हिमाचलचा एक अटेंडंट दिवसभर यायचा. बोलणं इतकं अस्पष्ट झालं की फक्त मलाच कळायचं, आणि मग मलाही कळेना. एक शब्द चार-चारदा विचारावा लागे. पाचव्यांदा ते मान फिरवत.

याच आजाराच्या रुग्णांच्या घरच्यांचा एक गट आहे. त्यांनी आम्हाला एक यंत्र वापरायला दिलं. पलंगासमोर पडदा, पडद्याखाली छोटा कॅमेरा. तो डोळ्यांच्या बाहुल्यांवर नजर ठेवतो. माणसानं एखाद्या अक्षराकडे क्षणभर टक लावली की ते अक्षर उमटतं. वाक्य पुरं झालं की 'बोला'च्या चौकोनाकडे बघायचं, आणि यंत्र ते मोठ्यानं म्हणतं.

यंत्रात मराठी नव्हती. हिंदीची अक्षरं आणि हिंदीचा आवाज होता, वयानं मध्यम, बातम्या देणाऱ्या पुरुषासारखा. त्या हिंदी अक्षरांत 'ळ' नव्हता. पहिल्या दिवशी ह्यांनी 'डोळे' लिहायला घेतलं आणि अडले. बराच वेळ पडद्यावर नजर फिरत राहिली. मग त्यांनी लिहिलं, "डोये." त्यांच्या गावाकडे 'ळ'चा 'य' करतात. माझ्या सासूबाई तसंच बोलायच्या. ह्यांनी मात्र नोकरीत लागल्यापासून ती बोली घरातसुद्धा कधी वापरली नव्हती. आता एका अक्षरासाठी ते तिकडे गेले आणि मग तिथेच राहिले. "डोये जयतात." "काय करून रायली?" "मले पाणी." बातम्यांच्या त्या सपाट आवाजात वऱ्हाडी ऐकताना पहिल्यांदा मला हसू आलं. हेही हसले असावेत. डोळ्यांच्या कडांवरून तसं वाटलं.

एक अडचण राहिली. तो हिंदी आवाज यंत्राच्या आत नव्हता, इंटरनेटवरून यायचा. इंटरनेटशिवाय चालणारा आवाज फक्त इंग्रजीचा होता आणि तिथे जायला डोळ्यांनी बरीच पानं उलटावी लागत. आमच्या सेक्टरमध्ये रस्ता सदैव कुठेतरी खणलेला असतो. लाइन गेली की इतर घरांतले लोक चहा करून घेतात. आमच्याकडे लाइन गेली की माणूस मुका व्हायचा.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. अटेंडंट यायचा होता. पोळ्या आटोपून खोलीत आले तर ह्यांचा चेहरा घामानं भिजलेला. पाय पलंगाच्या दांडीत वाकडा अडकला होता आणि सगळा भार त्यावर आलेला. पडद्यावर लिहिलेलं होतं, "पाय पाय पाय". प्रत्येक वेळी त्यांनी 'बोला'कडे बघितलं असणार. लाइन गेलेली होती. पाय सोडवला तेव्हा घोटा काळानिळा पडला होता.

दुपारी लाइन परत आल्यावर ह्यांनी पहिलं वाक्य लिहिलं ते पायाबद्दल नव्हतं. "दुसरी लाइन घे. दोन तारांचा राउटर." मी म्हटलं, जोडणार कोण? कंपनीतल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला बोलावते. त्यावर ते म्हणाले, "तू."

आधीची लाइन फायबरची होती. दुसरी मुद्दाम वेगळ्या जातीची घेतली, गच्चीवर छोटी तबकडी लावून हवेतून येणारी. रस्ता खणला तरी तिला धक्का लागू नये म्हणून. त्या कंपनीचा माणूस तबकडी लावून गेला, जाताना एका चिठ्ठीवर आकडे लिहून दिले आणि म्हणाला, "बाकी अपने आप हो जाएगा जी." अपने आप काही झालं नाही.

पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप घेऊन मी बसले. राउटरचं पान उघडलं. पहिली लाइन सोपी होती. वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड भरायचा, पलीकडची कंपनी ओळख पटवून पत्ता देते. दुसऱ्या लाइनीला चिठ्ठीवरचे आकडे जसेच्या तसे भरायचे होते. हा आपला पत्ता, हा दाराचा, म्हणजे जिथून बाहेर पडायचं त्या डब्याचा, आणि हा नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्याचा. ह्यांनी एकेक शब्दात समजावलं. पत्ता म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. रसायनशास्त्राच्या बाईला आकडे नीट भरता येतात. मी भरले, जतन केले, आणि दोन्ही लाइनी बंद पडल्या.

मी पुन्हा भरले. पुन्हा बंद. यंत्र आता मुकंच होतं, म्हणून मी ह्यांच्या डोक्यामागे जाऊन त्यांच्या खांद्यावरून पडदा वाचत होते. त्यांनी लिहिलं, "आकडे दाखव." लॅपटॉप त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. त्यांनी फार वेळ बघितलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पापणी न लववता बघावं लागल्यामुळे यायचंच. मी कापसानं पुसलं. मग एकेक अक्षर उमटत गेलं. "दोघांचा पत्ता एकच."

गच्चीवर लावलेल्या कंपनीच्या डब्यानं स्वतःला जो पत्ता लावून घेतला होता, तोच नेमका आमच्या राउटरचा घरातला पत्ता होता. कारखान्यातून बहुतेक डबे तोच पत्ता लावून येतात. त्यामुळे बाहेर जाण्यासाठी दार शोधताना राउटर स्वतःपाशीच येऊन थांबत होता. मी विचारलं, कंपनीला बदलायला सांगू का? "ते येत नसतात. आपला बदल."

आमचा बदलला आणि लॅपटॉपवरचं पानच नाहीसं झालं. मला वाटलं, सगळं बिघडवून ठेवलं. ह्यांच्याकडे बघितलं तर डोळ्यांच्या कडांवर ते पहिल्या दिवसाचं हसू. "आता नव्या पत्त्यावर जा," त्यांनी लिहिलं. नवा आकडा टाकला आणि पान उघडलं. दोन्ही लाइनींसमोर हिरवी खूण आली होती.

त्या दुपारी मी आजार विसरले होते. खरंच विसरले होते. किती तरी महिन्यांनी आम्ही दोघांनी मिळून असं काही केलं होतं ज्यात गोळ्या, नळ्या, चादरी काही नव्हतं. फायबर मुख्य आणि हवेची लाइन राखीव, असं ह्यांनी ठरवून दिलं. राउटर दर थोड्या सेकंदांनी बाहेर हाक मारून बघेल. मुख्य लाइनीवरून उत्तर आलं नाही तर आपोआप राखीव लाइनीवर जाईल. हे सगळं मला समजत होतं, आणि समजतंय याचा त्यांना आनंद होता. चाळिशीत त्यांनी मला स्कूटर शिकवली होती तेव्हा जसे बघायचे तसे ते बघत होते.

शेवटी चाचणी राहिली. त्यांनी लिहिलं, "मी बोलतो. तू तार काढ."

मी टीव्हीमागे वाकून फायबरची तार हातात धरली. "काढू का?" म्हणून विचारलं. यंत्र म्हणालं, "काढ." मी काढली. वळून बघितलं तर ते लिहीत होते, आणि लिहून झाल्यावर त्यांनी 'बोला'कडे बघितलेलं मला दिसलं. आवाज आला नाही. मी राउटरकडे बघितलं. राउटरवरचा एक दिवा विझला, दुसरा लुकलुकायला लागला, मग स्थिर झाला. आणि तो बातम्यांचा आवाज खोलीत आला, अगदी स्वच्छ.

"गयाले भोक पाडू देऊ नोको."

मागच्या वेळी छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढे कधीतरी श्वास कमी पडेल. मग गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि मशीनवर ठेवायचं, की नाही, हे घरच्यांनी आधीच ठरवून ठेवा. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मी मुद्दाम काढलं नव्हतं.

मी तार हातात धरून उभीच होते. म्हटलं, "परत म्हणा." मला कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी पुन्हा 'बोला'कडे बघितलं आणि यंत्रानं तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हटलं. त्या आवाजाला चढउतार नव्हता. रागावलेत, घाबरलेत की विनवतायत, काही कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी आणखी लिहिलं, "लाइन मस्त हाय. तार लाव परत."

मी तार लावली. राउटर पुन्हा मुख्य लाइनीवर आला. तेवढीच चाचणी राहिली होती.

मुलगी बंगळुरूहून आली. ती बदल्यांच्या गावी, हिंदी शाळांत वाढली. मराठी तिला सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते. लहानपणी आम्ही तिला हसायचो. ती बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि भांडली. मशीनवर लोक वर्षानुवर्षं जगतात, तिनं वाचलं होतं. घरात नर्स ठेवू, ती स्वतः बदली मागून येईल. हे शांतपणे ऐकत होते. मग ते लिहायला लागले आणि आम्ही दोघी त्या पडद्याच्या मागच्या बाजूला वाट बघत बसलो. डोळ्यांनी भांडायला फार वेळ लागतो. तोवर समोरच्याचा राग उतरतो आणि नुसतं रडू उरतं.

"तुही माय झोपत नाही," यंत्र म्हणालं.

मुलगी म्हणाली, "ये मम्मी का डिसीज़न नहीं है, बाबा."

पुन्हा लिहिणं. "नाही. माहा हाय."

ती माझ्याकडे वळली. "क्या बोला?" बाबांची ही बोली तिनं जन्मात ऐकली नव्हती. मी म्हटलं, "माझा आहे, म्हणतायत." ती उठून गच्चीत गेली. बंगळुरूला परत जाण्याआधी तिनं डॉक्टरांना फोन केला आणि बाबांची इच्छा सांगितली. मला ते जमलं नसतं.

डिसेंबरात धुकं उतरलं. ह्यांना आता दिवसातला बराच वेळ तोंडावर मुखवटा लावून हवा द्यावी लागे. मुखवट्याची कड डोळ्यांजवळ येई आणि कॅमेऱ्याला बाहुल्या सापडत नसत. मुखवटा सरकवला की थोडं बोलता येई, पण दम लागे. वाक्यं लहान झाली. वऱ्हाडीही जवळजवळ गेली, कारण तिलाही अक्षरं लागत. "पाणी." "कूस." "नको." राउटर मात्र उत्तम चालला होता. रस्ता दोनदा खणला गेला, लाइन गेली, आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही.

धुकं विरल्यावर इथलं हिवाळ्यातलं ऊन पडतं. त्या दिवसांत सगळं चंदीगड घराबाहेर खुर्च्या काढून बसतं. म्हातारी माणसं उन्हाच्या मागोमाग खुर्ची सरकवत अंगणभर फिरतात. आमच्या गच्चीवरही दुपारभर ऊन असायचं. पण त्या यंत्राचा कॅमेरा उन्हात आंधळा होतो; तो डोळ्यांवर न दिसणारे किरण सोडतो, उन्हातले तसलेच किरण त्यांत मिसळतात आणि त्याला डोळे दिसत नाहीत. बोलायचं असेल तर खिडक्यांचे पडदे ओढून अंधारात बसायचं. म्हणून सगळा हिवाळा आम्ही जाड पडदे लावून हीटरसमोर बसलो होतो आणि बाहेर शेजारणी मटार सोलत गप्पा मारत होत्या.

एक दिवस त्यांनी लिहिलं, "ऊन."

मी खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला. कॅमेऱ्याची नजर लगेच गेली, यंत्राच्या पडद्यावर 'डोळे सापडत नाहीत' असं हिंदीत आलं. मी खिडकीचा पडदा पुन्हा ओढला. त्यांनी लिहिलं, "भायेर."

"बाहेर गेलात तर बोलता येणार नाही," मी म्हटलं.

"मालूम हाय."

अटेंडंटनं आणि मी त्यांना खुर्चीत बसवून गच्चीत नेलं. डोक्याला मफलर, पायांवर रजई. ऊन तोंडावर आलं तसे त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पडदे ओढायच्या आधीच त्यांनी दाराकडे बघितलं. मग रोजच. आम्ही ठरवून घेतलं की होय म्हणायचं तर डोळे मिटायचे, नाही म्हणायचं तर वर बघायचं. यंत्र खोलीत बंद असायचं. मी शेजारी बसून मटार सोलायचे, शाळेतल्या, नातेवाइकांच्या गोष्टी सांगायचे. पाणी हवं का, थंडी वाजते का, मफलर टोचतो का, एवढं विचारता यायचं. जे विचारायला मला सुचलं नाही, त्याचं उत्तर त्यांना देता आलं नाही. ते तासन् तास समोरच्या घरांवरून पलीकडे बघत. काय विचार करत होते, मला माहीत नाही. मी एकदा विचारलं, "आत जाऊन बोलायचंय का?" त्यांनी वर बघितलं. नाही.

शेवटचं वाक्य त्यांनी कोणतं म्हटलं, हे आठवण्याचा मी खूप प्रयत्न केला. बहुतेक ते गादीला पडलेल्या सुरकुतीबद्दल होतं.

थंडी सरताना छातीत कफ झाला. इस्पितळात मुखवटाच ठेवला; गळ्याला कोणी हात लावला नाही. मुलगी आली होती. दुपारी ती खाली चहा घ्यायला गेली आणि मी त्यांचा हात धरून बसले होते, तेव्हा ते गेले. श्वास इतका बारीक झाला होता की गेला कधी, ते मला कळलं नाही, नर्सनं सांगितलं.

यंत्र आम्ही त्या गटाला परत केलं. गटातून माझा नंबर घेऊन पंचकुल्याच्या एका बाईचा फोन आला. तिच्या नवऱ्यासाठी आता ते यंत्र तिच्याकडे आलं होतं. तो सेक्टर त्रेचाळीसच्या बस-अड्ड्यावरून लांब पल्ल्याच्या बस चालवायचा. तिची लाइन सारखी जायची आणि तिला कोणी सांगितलं होतं की मला यातलं कळतं. मी आमचा राउटर पिशवीत घालून गेले. घर लहान होतं, दोन लाइनी घ्यायला लावल्या, पत्ते भरले, दोन्ही डब्यांचे पत्ते आधीच वेगळे करून घेतले. तार काढून चाचणी केली. तिचा नवरा यंत्रातून म्हणाला, "चाय तो पिला दो इनको." घरातले सगळे टाळ्या वाजवायला लागले. जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं माझा हात धरून विचारलं, "दीदी, अब ठीक रहेगा ना?" मी म्हटलं, "आवाज़ नहीं रुकेगी."

पावसाळा संपता संपता तिचा पुन्हा फोन आला. यंत्र बोलत नाही, नेटमध्ये काहीतरी गडबड आहे, येऊन बघाल का? मी गेले. राउटर उघडला, दोन्ही लाइनी तपासल्या, एकेक तार काढून लावून बघितली. यंत्राच्या पडद्यावर मी बोटानं अक्षरं दाबली आणि त्या ओळखीच्या आवाजात 'नमस्ते' उमटलं. तिचा नवरा पलंगावर भिंतीकडे बघत पडलेला होता. आवाज ऐकून त्यानं नजर वळवली नाही.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं की बिघाड कशातच नाही, तेच 'बोला'कडे बघत नाहीयेत. तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती ओट्याला टेकून रडायला लागली. बिघाड असता तर बरं झालं असतं, असं मलाही वाटत होतं. मी तो शोधून दुरुस्त केला असता.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. मी चहा घेतला आणि निघाले.